अर्ध्या तासाची पत्रं

रविवार, ८ जानेवारी

धाकटे,

सात वाजून दहा मिनिटं झाली. हाडांची गोळी पोटात गेली, तिच्यामागून पेलाभर साधं पाणी गेलं, आता सात चाळीसपर्यंत मी उभी. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली तुझी चिठ्ठी डोळे वटारून बघते आहे: ‘दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी. नंतर अर्धा तास उभी राहा. एकही रविवार चुकवू नकोस.’ अकरा वर्षं झाली त्या चिठ्ठीला. कागद पिवळा पडला, चिकटपट्टी दोनदा बदलली, पण हुकूम तोच. लहानपणी मी तुला सारखी दटावायचे, त्याचा सूड चांगला घेतलास.

तुझे भाऊजी म्हणतात, तिला फोन कर की, सुटसुटीत होईल. फोनवर तू ‘हं, हं’ करत भलतंच काहीतरी करत असतेस, मला कळतं. शिवाय अर्धा तास उभं राहून करायचं काय? युनिफॉर्मच्या कारखान्यात चाळीस वर्षं उभ्यानं कापड कापलं, तेव्हा हातात कात्री होती. आता पेन.

इकडे सगळं ठीक. कटिंगचं टेबल थोडं पुढे ओढून घेतलंय, म्हणजे ते आणि शिलाई मशीन यांच्या मधून जाताना दोन्हीकडे हात टेकता येतात. जिना मात्र कोणीतरी लांबवलाय असं वाटायला लागलंय. तीन मजले, चोपन्न पायऱ्या. पूर्वी कधी मोजल्या नव्हत्या. भाजी आता दोरीला टोपली बांधून वर ओढून घेते. शेजारणी हसतात. हसू देत.

उभं राहताना उजवा पाय जरा सैल सोडला की बरं वाटतं. म्हातारपणी माणूस बगळ्यासारखं उभं राहायला शिकतं, दुसरं काय!

तू काय काम करतेस ते एकदा मला नीट सांग. परवा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, तुमची बहीण काय करते? मी म्हटलं, हाडं चिरते. त्या दोन पावलं मागे सरकल्या. कापडाच्या भाषेत सांग, म्हणजे पुढच्या वेळी शोभेल असं काही बोलता येईल.

सात चाळीस. चहा ठेवते.

तुझी ताई


शुक्रवार, १३ जानेवारी

ताई,

तुझ्या पायांना नमस्कार. रीत म्हणून लिहीत नाहीये, खरंच त्या पायांबद्दल बोलायचं आहे. पण आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, नाहीतर म्हणशील धाकटी नेहमी मधूनच सुरू करते.

ऑपरेशनमध्ये काढलेली हाडं, माणसांनी सही करून दिलेली, आमच्या प्रयोगशाळेत येतात. डब्यावर नाव नसतं, फक्त नंबर आणि वय. मी करवतीनं त्यांच्या चकत्या करते, नखाहून पातळ. त्या चकत्यांवर हाड खाणाऱ्या पेशी सोडतो. दचकू नकोस, त्या तुझ्या-माझ्या सगळ्यांच्या हाडांत असतात. त्या जुनं हाड उसवतात आणि मागून दुसऱ्या पेशी येऊन नवं शिवतात. माझ्या शाळेच्या फ्रॉकची बाही चुकली होती तेव्हा तूच म्हणाली होतीस, उसवल्याशिवाय नीट शिवता येत नाही. हाडाचं तसंच असतं, जन्मभर. काही दिवसांनी आम्ही पेशी धुऊन टाकतो आणि त्यांनी चकतीवर किती खड्डे पाडले, किती खोल पाडले, ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजतो. तरुण हाडावर किती, म्हाताऱ्या हाडावर किती.

म्हातारं हाड नुसतं विरळ झालेलं नसतं, ताई. त्याचा मालच बदललेला असतो. हाडात खडूसारखा भाग असतो आणि त्याला धरून ठेवणारे धागे असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं त्या धाग्यांना चिकटत राहते, मधुमेह नसला तरी, आणि शेजारशेजारच्या धाग्यांना एकमेकांत जखडून टाकते. जुन्या चड्डीचं इलॅस्टिक कडक होतं ना, ओढलं की लांबत नाही, कटकन तुटतं, तसं. असं बदललेलं हाड आमच्या चकत्यांवर तरी या पेशी पूर्वीसारखं उसवताना दिसत नाहीत. आणि जे उसवलं जात नाही ते आणखी जुनं होत राहतं.

आता पाय. तुझी रविवारची गोळी त्या उसवणाऱ्यांचे हात बांधते. पाळी गेल्यावर उसवणारे फार घाई करतात, शिवणारे मागे पडतात, म्हणून ती देतात. तुला तिची गरज होतीच. पण काही वर्षांनी थांबून बघायचं असतं. हात कायमचे बांधलेले राहिले तर हाडातली बारीक चीर दुरुस्त करायला कोणी येत नाही. अकरा वर्षं, ताई! मला वाटत होतं तुझे डॉक्टर बघत असतील. मी चिठ्ठीत सगळं लिहिलं, पण थांबून कधी विचारायचं ते लिहिलं नाही.

उजवा पाय सैल का सोडतेस? मांडीत दुखतं का, किंवा जांघेत? दुखत असेल तर दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढायला हवा, लगेच. मला भीती वाटते आहे. ‘नाही’ म्हणून लिही, पण ते खरं असेल तरच.

धाकटी


रविवार, २२ जानेवारी

धाकटे,

सात बारा. गोळी घेतली. हो, घेतली.

नाही, दुखत नाही. झालं समाधान?

तुझ्या भाऊजींनी घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून तुझं पत्र वाचलं आणि मग दिवसभर माझ्या पायांकडे बघत बसले. लग्नातसुद्धा माणसानं इतकं बघितलं नव्हतं.

एक सांगते, ते ऐक. आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तुझी परीक्षा होती. तू आलीस, चार दिवस राहिलीस, रडलीस, गेलीस. बरोबर केलंस, मीच तुला पाठवलं. पण चौदा महिने त्या खोलीत मी होते. कूस बदलताना ती माझं मनगट धरायची आणि तिची नखं उठायची. शेवटी शेवटी माझ्याकडे न बघता छताकडे बघून म्हणायची, ‘मला एकदा उभी कर गं.’ एकदाच. तेवढं मला जमलं नाही. दर रविवारी मी उभी राहते ती त्यासाठी, धाकटे. गोळी गिळली की वाटतं, आणखी एक आठवडा मिळाला. आणि तू मला ती सोडायला सांगतेस?

आपले जुने डॉक्टर चार वर्षांपूर्वी दवाखाना बंद करून मुलीकडे गेले. औषधवाला त्यांच्याच कागदावर पाकीट देतो. म्हणतो, मावशी, तुमच्याइतकं नियमित कोणी नाही. नव्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे चोपन्न पायऱ्या. उतरायचं काही नाही, पण चढताना मधे बसावं लागतं, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत कोण माझी वाट बघत थांबणार? शिवाय धागे काय, साखर काय, खड्डे काय, हे सगळं तुझ्या चकतीवरचं. मी चकती नाही.

सात एकतीस. आज जरा आधी थांबते.

ताई


शुक्रवार, २७ जानेवारी

ताई,

अकरा वर्षांत तू सात चाळीसच्या आधी एकदाही पत्र आवरतं घेतलेलं नाहीस. तुझी सगळी पत्रं माझ्याकडे आहेत. काल बाहेर काढली आणि फरशीवर मांडली. पट्टी ठेवून लिहिल्यासारख्या सरळ ओळी, वर्षानुवर्षं. गेल्या ऑगस्टपासून त्या उजवीकडे खाली उतरायला लागल्या आहेत. नोव्हेंबरपासून मधेच शाईचा रंग बदलतो, म्हणजे तू टेबल सोडून गेली आहेस आणि परत आली आहेस. मी दर आठवड्याला ती पत्रं वाचत होते आणि मला दिसलं नाही. सूक्ष्मदर्शकातून बघण्याचा मला पगार मिळतो!

बुधवारी फोन केला तर तू इतकी गोड बोललीस की मला तिथेच संशय आला. तू माझ्याशी गोड कधी बोलतेस?

मंगळवारी एक डबा आला. बाई, वय एकाहत्तर. मांडीच्या हाडाचा तुकडा. सर्जन स्वतः घेऊन आले होते, म्हणून आमच्या मॅडमनी विचारलं, कुठे पडल्या? ते म्हणाले, पडल्या नाहीत. बेसिनपाशी तोंड धूत होत्या, टॉवेल घ्यायला वळल्या. आधी मोडलं, मग पडल्या. नऊ वर्षं तीच गोळी. सात महिने मांडी ठणकत होती आणि त्यांनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

मी करवत सुरू केली आणि बंद केली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा डबा तसाच बाजूला ठेवला.

सर्जनना मी तुझ्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, गोळी आपल्या मनानं चालू ठेवू नका आणि आपल्या मनानं फेकूनही देऊ नका, डॉक्टरांना ठरवू द्या. असं फार थोड्यांना होतं, बहुतेकांना ती वाचवतेच. पण मांडी दुखत असेल तर आधी एक्स-रे, दोन्हीकडचा, आणि तोवर त्या पायावर भार नाही.

आईबद्दल लिहिलंस ते तीनदा वाचलं. मी त्या खोलीत नव्हते, हे मला रोज आठवतं. आता दुसऱ्यांदा तसंच होऊ नये, एवढंच मागते. ११ तारखेला पोहोचते. पेशींना एक दिवसाआड खाऊ घालावं लागतं आणि बदलीला येणारी आदल्या दिवशी येते, त्याआधी सुटका नाही. तोवर खुर्ची सोडू नकोस. खालच्या बाईंना सांग, खुर्चीत बसवून खाली नेतील.

आणि मला खरं लिही. दुखतं ना?

धाकटी


गुरुवार, २ फेब्रुवारी

धाकटीस आशीर्वाद.

मला पत्रं लिहायची सवय नाही. दुपारची ही जरा पडली आहे, तेवढ्यात लिहितो. फोनवर मला ऐकू येत नाही, नाहीतर केव्हाच केला असता.

तुला काही कळवायचं नाही अशी तिनं मला शपथ घातली आहे. मोडतो.

दुखतं. ऑगस्टपासून. उजवी मांडी, मधोमध, बाहेरच्या अंगाला. गरम पाण्याची पिशवी ती उशीच्या अभ्र्यात लपवते. परवा टोपली वर ओढताना कळवळली, म्हणाली बोट चेमटलं. मी बोट बघितलं, काही नव्हतं. तुमच्या आईची काठी माळ्यावरून काढून कपाटामागे ठेवली आहे. मी आंघोळीला गेलो की ती घेऊन चालते. तिला वाटतं बहिऱ्याला काय कळणार! काठीचा ठोका मला फरशीतून पायाला कळतो.

तुझं चकत्यांचं पत्र आल्यापासून तिची इकडे आड तिकडे विहीर झाली आहे. गेल्या रविवारी गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ उभी होती. शेवटी घेतली. कालचं तुझं पत्र वाचून नुसती त्याच्या घड्या घालत बसली.

घड्याळ बंद पडायच्या आधी मागे पडायला लागतं. जन्मभर लोकांना सांगत आलो, मागे पडलं की घेऊन या, बंद पडायची वाट बघू नका. घरातलं मागे पडताना दिसलं आणि मी गप्प बसलो. मलाही भीती वाटत होती.

सोमवारी तिला न्यायचं ठरवलं आहे. ओरडली तरी मला ऐकू येणार नाही.

भाऊजी


रविवार, ५ फेब्रुवारी

धाकटे,

सात आठ. आज गोळी घेतली नाही. अकरा वर्षांतला पहिला रविवार. उद्या डॉक्टर काय ते सांगतील, आज मात्र हात पुढे होईना.

तरी उभी आहे. पाणी प्यायले, टेबलाशी आले, पेन घेतलं. गोळीच नाही तर उभं कशाला राहायचं, असं मनात आलं. पण रविवारी सकाळी बसायचं कसं, ते मला माहीतच नाही.

दुखतं. लिहिलं एकदाचं.

आधी वाटलं जिन्यानं दुखतंय, मग वाटलं थंडीनं. मग काही वाटून घ्यायचंच सोडून दिलं. तुला ‘नाही’ लिहिलं त्या दिवशी टेबलाची कड धरून लिहिलं होतं. तुझी टॉवेलवाली बाई डोळ्यांसमोरून हलत नाही. आता मी प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी पायाला विचारते, धरशील ना बाबा? माझ्याच पायाची मला भीती वाटते, धाकटे. हे मी भाऊजींनासुद्धा बोलले नाही. त्यांना सगळं माहीत असावं असा संशय आहे.

उद्या खालच्या बाई आणि त्यांचे मिस्टर मला खुर्चीत बसवून खाली नेणार आहेत. चोपन्न पायऱ्या राणीसारखी. दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढते, तू म्हणतेस तसा. तू ये. माझ्यावर रागव, पण ये.

तुझी ती चिठ्ठी आता काढून टाकते. कपाट पाठीमागेच आहे, वळलं की हाताशी. थांब, काढते आणि मग पुढचं लिहिते.

*(खाली, वेगळ्या अक्षरात)*

पुढचं ती लिहू शकली नाही. मला फरशीतून कळलं. शुद्धीवर आहे. सारखं एकच म्हणते, आधी मोडलं, मग पडले, धाकटीला सांगा. खालच्या बाईंनी तुला फोन केला आहेच. हे पत्र टाकत नाही, तू आलीस की हातात देईन.


शुक्रवार, १४ एप्रिल

ताई,

तुझ्या पायांना नमस्कार. दोन्ही पायांना, आतल्या सळ्यांसकट.

परत येऊन महिना झाला. तिथे असताना तुझ्या उशाशी बसून जे बोलता आलं नाही, ते लिहिते. समोर तुझा चेहरा नसला की मला धीर येतो.

तुझ्या फायलीत जुन्या डॉक्टरांचा कागद सापडला. त्यावर त्यांनी लिहिलं आहे, ‘अर्धा तास आडवे होऊ नये.’ एवढंच. बसलेलं चाललं असतं, ताई. ‘उभी राहा’ हे मी माझ्या मनानं घातलं. तू कायम उभीच असायचीस, मला तुझं बसणं सुचलंच नाही. त्या रविवारी तू खुर्चीत असतीस तर? सर्जन म्हणतात, आज ना उद्या मोडणारच होतं. डाव्या मांडीतली चिरेची रेघ वेळेत दिसली आणि ती मोडायच्या आधी सळी घालता आली, हे नशीब समजा म्हणतात. मी समजते. तरीपण झोप लागत नाही.

तू सही करून दिलेला तुकडा मी मांडीवर डबा ठेवून आणला. चकत्या मी केल्या, पण खड्डे मोजायला मॅडमनी मला बसू दिलं नाही. ओळखीचं हाड मोजायचं नाही, असा नियम आहे. सगळ्या गेल्यावर मी एकदाच डोळा लावला. चाळिशीतल्या कोणाच्या तरी चकतीवर खड्ड्यांची नुसती रांगोळी पडली होती. तुझ्यावर चार-दोन उथळ ओरखडे, आणि बाकी सगळं गुळगुळीत, शांत. हाडात मुरलेल्या गोळीनं किती आणि जुनेपणानं किती, ते सांगता येत नाही. एका तुकड्यावरून काही सिद्ध होत नाही, असं मॅडम म्हणतात. मला ती शांतता बघवली नाही.

आणखी एक. माझी हाडांची तपासणी झाली. विरळ आहेत, आईवर गेले आहे. डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिली. नीट समजावून सांगितलं, किती वर्षं, कधी थांबून बघायचं, सगळं. मला ते त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाकीट तीन आठवडे टेबलावर पडून आहे. न घ्यावी तर आईची खोली दिसते, घ्यावी तर तुझं टेबल दिसतं. ताई, काय करू?

धाकटी


रविवार, २३ एप्रिल

धाकटे,

आज घड्याळाची वेळ लिहीत नाही, कारण पाठीला दोन उशा लावून आरामात लोळत लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर त्याचा अर्थ काढत बसू नकोस.

काल वॉकर घेऊन कटिंगच्या टेबलापर्यंत गेले. पलंगापासून अकरा पावलं. पाऊल टाकायच्या आधी पायाला अजून विचारतेच. भाऊजी पाठमोरे बसून फरशीतून मोजत होते, म्हणाले, आठवं पाऊल चोरलंस.

‘उभी राहा’ तू घातलंस म्हणून तुला झोप लागत नाही होय? तर मग ऐक. तू चिठ्ठीत ‘बस’ लिहिलं असतंस तर मी बसले असते, आणि बसून तुला एकही पत्र लिहिलं नसतं, मशीनच चालवलं असतं. अकरा वर्षांची पत्रं तुझ्या त्या चुकीची आहेत. ती चूक मला हवी होती. ‘दुखत नाही’ हे मात्र मी लिहिलं, माझ्या हातानं. ते तुझ्या अंगावर घेऊ नकोस, ते माझं आहे.

गोळी घे. पहिली कितीतरी वर्षं तिनंच मला चोपन्न पायऱ्या चढवल्या, हे विसरू नकोस. मी काही फक्त गोळीनं मोडले नाही, गप्प बसूनही मोडले. भीती वाटू दे. भीती वाटणाऱ्या माणसानं निदान बोलावं.

तुझी ती पिवळी चिठ्ठी भाऊजींनी दारावरून सोडवली. मागची बाजू कोरी होती, तिच्यावरच नवी लिहून सोबत पाठवते. कपाटाच्या दाराला आतून चिकटव.

‘दर रविवारी सकाळी, उपाशीपोटी, पेलाभर पाणी. नंतर अर्धा तास खुर्चीत बसून ताईला पत्र. वर्षातून एकदा डॉक्टरांना विचारायचं, अजून घेऊ का. मांडी दुखली तर त्याच दिवशी ताईला कळवायचं. ताई नसली तरी लिहायचं.’